एर्मिंदा मावशीचं एकोणीस नंबरचं गवत

एर्मिंदा मावशी सख्खी अशी कुणाचीच मावशी नव्हती. तरी आमची अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची. कोपऱ्यावरचे पाववाले ओयार्सून आजोबा तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, तेसुद्धा.

ती आली हे हातांवरून कळायचं. संध्याकाळी साडेपाचला ती कामावरून चढ चढून येई आणि वाटेत जे पोर सापडेल त्याच्या मानेवर मागून गुपचूप पंजा ठेवी. गोठलेल्या माशाचा स्पर्श बरा. पोर दचकून उडालं की ती शांतपणे म्हणे, "चार अंश. मी दिवसभर सोसते, तू दोन मिनिटं सोस."

तिची नक्कल करायला सगळ्यात सोपी. ती चिलोए बेटावरची, त्यामुळे तिचं वाक्य आधी टेकडी चढल्यासारखं वर वर जायचं आणि माथ्यावर पोचलं की मटकन खाली बसायचं. शिवाय ती प्रश्न स्वतःच विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. "झालं काय? झालं काही नाही. आणला काय? आणला पाव." मी तिच्यासमोरच हे करून दाखवायचे. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि मग म्हणायची, "झालं काय? पोर वाया गेली."

आता तिच्या घरात दुसरे लोक राहतात. त्यांनी दरवाजाला निळा रंग दिलाय. चढ चढताना मान अजून आपोआप आखडते माझी, पण मागून कुणाचा हात येत नाही.

तर तिचं काम. आमचं पुंता अरेनास जगाच्या पार दक्षिण टोकाला, ऋतू उलटे, जानेवारीत उन्हाळा. बंदराच्या वरच्या अंगाला वनस्पतींची एक संस्था आहे. तिथे माझी आई फाटकावर बसते, आणि तळघरात एक थंड खोली आहे. दक्षिणेच्या बर्फातून आणलेलं गवत तिथे ट्रेमध्ये जिवंत ठेवतात. बोटभर उंच, केसांसारखं बारीक, दिसायला अगदी गरीब. पण जिथे पेंग्विनसुद्धा पाय आखडून उभा राहतो तिथे ते हिरवंगार वाढतं. एर्मिंदा मावशीने ते एकोणतीस वर्षं सांभाळलं. खरं तर ती लागली होती पांढरे कोट धुवायला. एकदा संस्थेच्या मागच्या अंगणात ती आंबट देठांच्या रुबार्बचा गड्डा पावाच्या सुरीने फोडत होती. सुरी कुठे घालायची, मूळ कुठे सोडायचं, हे सगळं न बघता. वर खिडकीत प्रोफेसर येर्को रेस्तोविच उभे होते.

प्रोफेसरांना मी पाहिलेलं नाही, पण मावशी त्यांचा आवाज असा काढायची की ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. ते दोन शब्द बोलत आणि मग तिसरा शोधायला कुठेतरी लांब जात.

"एर्मिंदा... हे तुम्ही... कुठे शिकलात?"

"आईकडे."

"मग... उद्यापासून... कोट राहू द्या."

तेव्हापासून थंड खोलीची किल्ली तिच्या गळ्यात. दर वसंतात एकेका जुडग्याचे तीन भाग करायचे, नव्या ट्रेमध्ये लावायचे, आणि जुनाच नंबर द्यायचा. एकोणीसमधून फुटलं ते एकोणीसच. प्रत्येक नंबर म्हणजे बर्फातली एक जागा. ट्रेंशी ती बोलायची, आणि गोड वगैरे नाही. "नऊ, तू फार चढलीस. बत्तीस, तुला काय धाड भरलीय? पाणी नको, ऊन नको, मग हवंय काय, नवरा?"

आता चोरीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या चोरीवरच उभं आहे.

आमच्याकडे कुणीही रोप मागत नाही आणि कुणी देतही नाही. दिलेलं रोप रुसतं, चोरलेलं रुजतं. हे इतकं पक्कं आहे की मोजूनच दाखवते. आमचा रुबार्ब पाद्रीबाबांच्या कुंपणातला, पाद्रीबाबांचं काळ्या करंटचं झुडूप शाळेच्या मागचं, आणि शाळेच्या गुलाबाची मूळ फांदी आमच्या आजीच्या कोटाच्या अस्तरातून तिथे गेली असं आजी स्वतःच सांगायची. ज्याचं रोप जातं तो खिडकीतून बघतो आणि पडदा ओढून घेतो. पाहिलं असं कबूल केलं तर रोप मरतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी प्रोफेसर दक्षिणेची शेवटची फेरी करून आले. गुडघे गेले होते, पुढे जहाजावर चढणं नव्हतं. त्या फेरीत एका बेटाच्या उतारावरून त्यांनी एक जुडगं आणलं. तेच एकोणीस नंबर. ते लावताना टोकाचा एक तुरा, करंगळीएवढा, सुटून मावशीच्या तळहातावर आला.

"झालं काय?" ती सांगायची. "झालं काही नाही. तळहात मिटला."

तो तुरा पावाच्या पिशवीतून घरी आला आणि परसात दक्षिणेच्या भिंतीशी, जिथे वर्षभर ऊन पडत नाही, टवके उडालेल्या एनॅमलच्या घमेल्यात बसला. आणि असा रुजला की विचारू नका. काही वर्षांनी तिकडे बेटावरचा तो उतार कोसळला. सगळं दगडमातीखाली गेलं. म्हणजे त्या जागेचं जिवंत गवत जगात दोनच ठिकाणी उरलं: संस्थेच्या तळघरात, जे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मावशीच्या घमेल्यात, जे फक्त गल्लीला ठाऊक होतं.

मी वर्षाची होते त्या जानेवारीत शनिवारी वाऱ्याने विजेची तार पडली. रविवारी वीज परत आली, पण थंड खोलीत फक्त दिवे लागले, गारव्याचं यंत्र लागलंच नाही. दिवे जळत राहिले. सोमवारी सकाळी मावशीने दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. बरेच ट्रे अर्धे वाचले. काही गेले, पण त्यांच्या जागा होत्या. पुढच्या जहाजाने पुन्हा आणता आले असते. एकोणीस मात्र पार गेला, पिवळा सुद्धा नाही, तपकिरी.

प्रोफेसर तेव्हा अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी मावशी त्यांना भेटायला गेली. वीज गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"एर्मिंदा... एकोणीस... कशी आहे?"

"बरी आहे, प्रोफेसर. पानंसुद्धा वाकली नाहीत."

"गवताला... घाई नसते," ते म्हणाले, आणि झोपी गेले.

त्याच संध्याकाळी तिने घमेल्यातलं अर्धं जुडगं पावाच्या सुरीने काढलं, पिशवीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचून एकोणीसच्या ट्रेमध्ये लावलं. प्रोफेसर हिवाळ्याआधी गेले. ती कुणालाच काही बोलली नाही. आणि चौदा वर्षं एकोणीस नंबर एकोणीस नंबरच राहिला.

मग डॉक्टर पालोमा इनोस्त्रोसा आली.

ती राजधानीची. तिथले लोक शब्दांची टोकं गिळतात आणि श्वास न घेता बोलतात. पहिल्याच दिवशी फाटकावर तिने आईला सांगितलं, "म्हणजे कसंय ना, मी हरितलवकांवर काम करते, म्हणजे पानाच्या पेशीत ते हिरवे ठिपके असतात ना, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, अगदी छोटा, तर तो मी सगळ्या ट्रेंचा वाचणारे, एकूण एक, कसलं भारी ना?" आईने तिला पाहुण्यांच्या वहीत सही करायला सांगितली.

मावशीला मात्र पालोमा आवडली, कारण ती थंड खोलीत कुडकुडत पाच-पाच तास बसायची आणि कुरकुर करायची नाही. मावशी तिला डॉक्टरीणबाई म्हणायची. एकदा तिने विचारलं, हिरव्या ठिपक्यांत इतकं वाचण्यासारखं असतं तरी काय?

"म्हणजे कसंय ना, सेन्योरा एर्मिंदा, बाकी सगळं आईबापांकडून अर्धं अर्धं येतं, पण गवतात हरितलवक फक्त आईकडून. बापाचा काही संबंध नाही. आईचं, आईच्या आईचं, मागे मागे तेच. म्हणून ते वाचलं की कोणतं गवत कोणत्या उताराचं ते कळतं. प्रत्येक जागेची एखाद-दोन अक्षरं वेगळी असतात."

मावशीने हे घरी येऊन आम्हाला समजावलं, आणि पालोमापेक्षा चांगलं समजावलं. "बघ पोरी, आपल्याला आडनावं किती? दोन. आधी बापाचं, मागे आईचं. तुझ्या पोरांच्या वेळी तुझ्या आईचं कुठे जाईल? गळून जाईल. मी बार्रिया कार्कामो. माझ्या लेकीच्या नावात बार्रिया आहे, कार्कामो गेलं. गवतात उलटं. बापाचं विसरतात, आईचं धरून ठेवतात. शहाणं आहे गवत."

हे सांगताना ती हसत होती. मग हसता हसता थांबली. बटाटा किसत होती, तो हातातच राहिला.

कारण ज्या घमेल्यातून एकोणीस भरला होता ते बारा वर्षं उघड्यावर होतं. दर उन्हाळ्यात त्याला तुरे आले, बी पडलं, वारा तर आमच्याकडे माणसं उडवतो. या गवताचे भाऊबंद आमच्या टेकड्यांवरही उगवतात. आणि एका वर्षी आमच्या कुत्रीने, म्हणजे आताच्या कुत्र्याच्या आईने, ते घमेलं पार उकरून टाकलं होतं. मावशीने जे हिरवं दिसलं ते परत दाबून बसवलं होतं. त्यात प्रोफेसरांचं किती आणि टेकडीवरचं किती, देव जाणे.

त्या आठवड्यात मावशी बदलली. एकोणीस नंबरचा ट्रे तिने सगळ्यात मागे सारला. पालोमाने मागितला की, "रुसलाय. पुढच्या सोमवारी." पुढच्या सोमवारी, "नुकता फोडलाय, हात लावू नका." रस्त्यात माझ्या मानेवर हात ठेवायलाही ती विसरली. निवृत्तीला तीन महिने उरले होते. तीन महिने गप्प बसली असती तरी कदाचित जमलं असतं. गवत रुसतं हे संस्थेत कुणीही मान्य करतं.

पण एका शनिवारी पालोमा स्वतःच तिच्याकडे संध्याकाळच्या चहाला आली. मी आणि आई आधीच बसलो होतो. मावशीने मिल्काओ केले होते, किसलेल्या बटाट्याचे, आत डुकराच्या चरबीचा कुरकुरीत चुरा. पालोमाने दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि म्हणाली, "सेन्योरा एर्मिंदा, खरं सांगू का, एकोणीसशिवाय माझं काहीच उभं राहत नाही. तो उतार आता नाहीच ना, म्हणजे ते जगातलं शेवटचं. आणि तुम्ही वाचवलंत. शोधनिबंधाच्या सुरुवातीला मी तुमचं नाव घालणारे."

मावशी चुलीकडे तोंड करून उभी होती. चुलीवर किटली फुरफुरत होती, ती तिने बाजूला केली.

"झालं काय?" ती म्हणाली.

मी वाट बघत होते. तिचं उत्तर आलंच नाही. माझ्या आठवणीत असं एकदाच झालं.

मग ती वळली आणि सगळं सांगितलं. मिटलेला तळहात, पावाची पिशवी, सोमवारची वाफ, प्रोफेसरांचा प्रश्न, कुत्रीसुद्धा. वाक्य वर चढलं नाही की खाली बसलं नाही. सपाट. शेवटी म्हणाली, "ट्रेमध्ये काय आहे ते मला ठाऊक नाही, डॉक्टरीणबाई. मरणाऱ्या माणसाला मी म्हणाले, एकोणीस बरी आहे. ती बरी होती की मेली, ते मलाच ठाऊक नाही."

पालोमाने मिल्काओ बशीत ठेवला. 

"चौदा वर्षं यावर लोकांनी लेख लिहिलेत," ती म्हणाली. एकही टोक न गिळता.

"माहीत आहे. पानं मीच कापून द्यायचे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा ते जिवंत होते. नंतर ते नव्हते. दोन्ही वेळा जमलं नाही."

आई म्हणाली, "चहा गार होतोय," कारण आईला अशा वेळी तेवढंच सुचतं. पालोमाने कोट घातला, दारापर्यंत गेली, आणि दाराची कडी हातात धरून उभी राहिली.

"प्रोफेसर रेस्तोविच जुडगं आणायचे तेव्हा एखादं पान दाबून ठेवायचे का? कागदावर?"

"नेहमी," मावशी म्हणाली. "डिंक मीच लावायचे."

"वाळलेल्या पानातही हरितलवक असतात," पालोमा म्हणाली आणि गेली.

पाच आठवडे लागले. जून उलटला, जुलै आला, रस्त्यावर काच पसरावी तसा बर्फ. मावशीने थंड खोलीची किल्ली फाटकावर आईकडे देऊन टाकली. "निकाल लागेपर्यंत तुझ्याकडे असू दे. चोराकडे किल्ली बरी दिसत नाही." आई दररोज सकाळी ती किल्ली तिच्यापुढे ठेवायची आणि मावशी दररोज ती परत सरकवायची. मग आई खाली जाऊन दार उघडून द्यायची, मावशी पाणी घालायची, आणि आई कुलूप लावायची. दोघींपैकी एकीलाही यात काही विचित्र वाटलं नाही.

एका रविवारी दुपारी पालोमा आली. बर्फावरून घसरत, हातात एक कागद. बसलीसुद्धा नाही.

"म्हणजे कसंय ना," ती सुरू झाली, आणि मावशीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "दाबलेलं पान मी वाचलं, ट्रेही वाचला. हरितलवक तेच आहेत. अक्षरन् अक्षर. त्या उताराची दोन अक्षरं वेगळी होती ना, ती दोन्ही आहेत. आई तीच आहे, सेन्योरा एर्मिंदा."

मावशीने मान हलवली. पण ती चिलोएची. तिला कळलं की वाक्य अजून माथ्यावरच आहे.

"आणि?"

"आणि बापाचं विचारू नका."

"विचारलं."

"बाकीचा डीएनए मिसळलाय. अर्धा इथल्या टेकडीवरचा दिसतो. म्हणजे हे जुडगं ते मूळचं नाही, त्याच्या बीचं आहे. कसंय ना, हे गवत सहसा परक्याला दारात उभं करत नाही, सगळं आतल्या आत उरकतं. तुमच्या परसात ते जरा मोकळं वागलं."

एर्मिंदा मावशी खुर्चीत बसली. आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई बेटावरची, बाप पुंता अरेनासचा," ती म्हणाली. "अगं, ही तर माझी लेक झाली. असली अर्धी गल्ली आहे."

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे मी त्यांना खोटं सांगितलं का?"

पालोमाने कागदाकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलं असेल. "अर्धं," ती म्हणाली. "आईकडून नाही."

शोधनिबंधात तिने वाळलेलं पान वापरलं. ट्रेवर एकोणीस लिहिता येणार नाही, तिने स्पष्ट सांगितलं, आणि कुठल्या लेखांत काय चुकलं तेही ती कळवणार होती. मावशीने त्या पत्राखाली स्वतः सही केली. ट्रेला नवी चिठ्ठी लागली. एर्मिंदाच्या परसातलं, असं पालोमाने लिहिलं होतं. मावशीने पेन मागून घेतलं आणि पुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं, कार्कामोसकट. कार्कामो जरा मोठ्या अक्षरात.

सप्टेंबरात ती निवृत्त झाली आणि चिलोएला बहिणीकडे जायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात पालोमा परसात आली. घमेलं तिथेच होतं, बर्फ वितळून हिरवं डोकं वर काढलेलं.

"सेन्योरा एर्मिंदा, यातलं थोडं मला द्याल का? ट्रेसाठी नाही. माझ्यासाठी. परत जाताना घेऊन जाईन."

"नाही," मावशी म्हणाली.

पालोमाचा चेहरा पडला. राजधानीची बिचारी, तिला काय माहीत. मी तोंडावर हात दाबून धरला.

"देणार नाही," मावशी पुन्हा म्हणाली, टेकडी चढत चढत. "मी आता आत जाते. चहा टाकते. खिडकीकडे माझी पाठ असेल. पावाची सुरी तिथे कठड्यावर राहिलीय, विसरलेच मी." आणि मटकन खाली. "पोरी, चल आत. बघायचं नाही."

आत ती किटलीशी उगाच खडखडाट करत राहिली. मी तिरक्या नजरेने पाहिलंच. पालोमा घमेल्यासमोर बराच वेळ उभी होती, मग कळलं तिला. खाली बसली, सुरी घातली, चुकीच्या जागी घातली, काढली, पुन्हा घातली. मावशी पाठमोरी पुटपुटली, "मुळाखालून, गाढवे, मुळाखालून," आणि चमचा मुद्दाम जोरात खाली टाकला.

आता मी तिला महिन्यातून एकदा फोन करते. ती घराचं विचारत नाही, निळ्या दरवाजाचंही नाही. विचारते, "घमेलं?"

नव्या लोकांनी ते फेकलं नाही, पण त्यातलं गवत फार कमी झालंय. दर वेळी जुडगं जरा लहान दिसतं. आमच्या भिंतीशी, पाद्रीबाबांच्या मागे, ओयार्सून आजोबांच्या कोळशाच्या खोलीजवळ, सगळीकडे दक्षिणेच्या बाजूला एकेक डबा आलाय. कुणी कुणाला विचारत नाही.

"कुणीतरी चोरतंय, मावशी," मी तिच्याच आवाजात सांगते.

तिकडे वाक्य वर चढायला लागतं.

"कोण गं?"

"पाहिलं नाही," मी म्हणते.

"शाब्बास," ती म्हणते, आणि मटकन बसते.